लेकीच्या फिगर स्केटिंगचा खर्च तुम्ही लोक कसा भागवता?

जर्सीची_आई

नमस्कार मंडळी, बरेच दिवस लिहू की नको करत होते, आज लिहितेच. आम्ही न्यू जर्सीत असतो, लेक १० वर्षांची आहे. सहा वर्षांची असताना मैत्रिणीच्या वाढदिवसाला रिंकवर गेली आणि तिथून जी चिकटली ती चिकटलीच. लर्न टू स्केटचे (नवशिक्यांचे वर्ग) बेसिक १ ते ६ झाले, मग फ्री स्केटचे (उड्या, गिरक्या) ग्रुप क्लास. आतापर्यंत दहा आठवड्यांचे सव्वादोनशे डॉलर भरायचे आणि साधे बूट, एवढाच खर्च होता, त्याचं काही वाटलं नाही. आता तिला ॲक्सल जमायला लागलाय (पुढे तोंड करून उडी घ्यायची आणि हवेत दीड गिरकी, यावर पोरं वर्ष वर्ष अडकतात, हिला आठ महिने लागले). तर कोच म्हणाली आता ग्रुप बास झाले, आठवड्याला तीन प्रायव्हेट लेसन, पाच दिवस बर्फावर सराव, टेस्ट (लेव्हलच्या परीक्षा) द्यायच्या आणि पुढच्या सीझनला स्पर्धा.

काल रात्री वहीत हिशोब मांडला. अर्ध्या तासाचे ४५ डॉलर असे तीन लेसन म्हणजे १३५. बर्फाचे पैसे वेगळे, एका सेशनचे १६ प्रमाणे पाच सेशनचे ८०. आठवड्याला २१५, महिन्याला सव्वानऊशेच्या घरात जातं. आणि यात बूट नाहीत, ड्रेस नाही, टेस्टची फी नाही, स्पर्धा नाही. नवरा एकटा कमावतो, मी एच-फोरवर (नवऱ्याच्या व्हिसावर अवलंबून असलेला व्हिसा) आहे, ईएडी (कामाची परवानगी) अजून आलेलं नाही. धाकट्याचं प्रीस्कूल आहे. सासऱ्यांच्या औषधांचे पैसे दर महिन्याला पुण्याला जातात, ते जाणारच, त्यात काटछाट नाही.

नवऱ्याचं म्हणणं आहे की आत्ता घालू, पुढे कॉलेजला स्पोर्ट्स स्कॉलरशिप मिळाली की भरून निघतील. मला तेवढी खात्री वाटत नाही. रिंकवर बाकीच्या आया पैशाचा विषय काढतच नाहीत, आणि कोचशी बोलायची मला लाज वाटते.

काल झोपताना लेक म्हणाली, आई आपल्याला परवडतं ना गं? मी हो म्हटलं. तेव्हापासून पोटात गोळा आलाय. तर खरं खरं सांगा, तुमच्याकडे पैसे येतात कुठून?

मिशिगनकर_मीनल

ताई, आधी तो पोटातला गोळा काढा, ही गोष्ट रिंकवरच्या निम्म्या घरांत रोज चाललेली असते, फक्त कुणी बोलत नाही. आमची मोठी आता १६ ची आहे, आमचं हे नववं वर्ष.

पहिलं म्हणजे स्कॉलरशिपचा विचार डोक्यातून काढा. फिगर स्केटिंग हा एनसीएएचा (कॉलेजांचे खेळ चालवणारी संस्था) खेळच नाही. पोहणं, टेनिस, सॉकर यात जशी कॉलेजं खेळाडू शोधत येतात तसं इथे होत नाही. सिंक्रोनाइझ्ड स्केटिंगची (मोठ्या गटाने एकत्र करायचं स्केटिंग) व्हार्सिटी म्हणजे कॉलेजची अधिकृत टीम असलेलं ओहायोचं मायामी युनिव्हर्सिटी आहे, बाकी बऱ्याच ठिकाणी मुलांनी स्वतः चालवलेले क्लब असतात. गोल्ड टेस्ट पास झाली तर ॲप्लिकेशनमधे चांगली दिसते, इतकंच. तुमच्या मिस्टरांना हे आत्ताच सांगा, कारण नंतर परत मिळणारेत असं धरून चाललं की हात सैल सुटतो. आमचाही सुटला होता, पहिली तीन वर्षं.

दुसरं, कोचशी बोला. खरंच बोला. आम्ही काय करतो तर ऑगस्टमधे बसून वर्षाचा आकडा ठरवतो, सगळं धरून, आणि तो आकडा कोचला सांगतो. पहिल्यांदा सांगताना माझा घसा सुकला होता, आणि ती म्हणाली बरं झालं सांगितलंस, आता मला प्लॅन करता येईल. तिने काय केलं, अर्ध्या तासाचे लेसन वीस मिनिटांवर आणले, एक लेसन दुसऱ्या मुलीबरोबर वाटून दिला, आणि लेकीला एक वही दिली की बाकीच्या वेळात एकटीने हे हे एवढ्या वेळा करायचं. खरं सांगते, प्रगती कमी नाही झाली. आधी लेसन संपला की ही बोर्डला (रिंकच्या कठड्याला) टेकून मैत्रिणींशी गप्पा मारायची, आणि त्या बर्फाचेही आम्ही पैसे भरत होतो.

तिसरं, पैसा गळतो कुठे ते बघा. लेसन आणि बर्फ दिसतं, म्हणून त्याचीच भीती वाटते. स्पर्धेत गळतो तो जास्त. एका स्पर्धेची एंट्री फी, दुसऱ्या इव्हेंटची वेगळी, कोच बोर्डपाशी उभी राहते त्याची फी, कोचचं हॉटेल आणि प्रवास सगळ्या मुलांत वाटून, आपलं हॉटेल, पेट्रोल. मागच्या वर्षी एका वीकेंडला आमचे ७४० डॉलर गेले, प्रोग्रॅम जेमतेम दोन मिनिटांचा. आता वर्षाला तीनच स्पर्धा, त्यातल्या दोन गाडीने जाऊन रात्री घरी परत येता येईल अशा.

आणि बूट! यावर मी पुस्तक लिहू शकते. या लेव्हलला बूट वेगळे आणि ब्लेड वेगळी घ्यावी लागते. दुकानदार म्हणेल डबल (दोन गिरक्यांच्या) उड्या येणारच आहेत तर आत्ताच कडक बूट घ्या. घेऊ नका. दहा वर्षांच्या हलक्या मुलीला फार कडक बूट दिले की घोटा वाकत नाही, उडीच बसत नाही, आणि पायाला फोड येतात ते वेगळेच. जुने घेतले तरी चालतात पण घोट्यापाशी चामड्याला घडी पडलीय का बघा, पडली असेल तर आतून बूट मेलेला असतो. जुनी ब्लेड घेताना धारेखाली किती पोलाद शिल्लक आहे ते बघा.

ब्लेडवरून आठवलं, आमच्या रिंकमधल्या दुकानात एकाने हॉकीच्या सवयीने लेकीच्या ब्लेडला धार लावली आणि पुढच्या टो पिकचा (ब्लेडच्या टोकाचे दाते) सगळ्यात खालचा मोठा दात मशीनवर घासून सपाट केला. घरी येईपर्यंत लक्षातही आलं नाही. दुसऱ्या दिवशी ही स्पिनला गेली की पुढे कोलमडायची, तीनदा हनुवटीवर पडली, कोचला वाटलं मुलगी घाबरलीय. मग कोचने बूट हातात घेऊन दिव्याखाली धरला आणि नुसती माझ्याकडे बघत राहिली. चार महिन्यांपूर्वी घेतलेली ब्लेड, सव्वातीनशे डॉलर पाण्यात. तेव्हापासून धार फक्त फिगरची ब्लेड करणाऱ्याकडे, पन्नास मिनिटं गाडी चालवून, दोन मुलींची मिळून नेते. हे कितीही लांब असलं तरी कराच.

आता लेक शनिवारी लर्न टू स्केटला छोट्यांना शिकवते, तिचे स्वतःचे धारेचे आणि टेस्टचे पैसे त्यातून निघतात.

डेटनचा_काका

माझं मत वेगळं आहे, राग मानू नका. आम्ही मुलीचं स्केटिंग दोन वर्षांनी थांबवलं आणि ते पैसे ५२९ मधे (कॉलेजसाठीचं बचत खातं) टाकले. तिला वाईट वाटलं, रडली, पण आज ती कॉलेजला आहे आणि कर्ज नाही. तुमच्याकडे एकच पगार आहे, व्हिसाची टांगती तलवार आहे, घरी वडीलधाऱ्यांची जबाबदारी आहे. अशा वेळी महिन्याला नऊशे डॉलर जायला लागले तर एका लेऑफमधे घर हलेल. आधी सहा महिन्यांचा खर्च बाजूला आहे का ते बघा, मग बर्फाकडे वळा. आठवड्यातून एकदा ग्रुप क्लास आणि रविवारी पब्लिक सेशन, यातही आनंद आहे हो.

मिशिगनकर_मीनल

काका, सहा महिन्यांच्या खर्चाबद्दल शंभर टक्के पटलं, ते मीच लिहायला हवं होतं.

एक राहिलं. मी लेकीच्या शिकवण्याचं लिहिलं खरं पण आम्ही आता ग्रीन कार्डवर आहोत. जर्सीताई, तुमची मुलगी एच-फोरवर असेल तर पुढे वयाने बसली तरी तिला पगारी काम करता येत नाही, रिंकवरचंही नाही. पैसे नकोत, बदल्यात फुकट बर्फ द्या असा मार्ग बरेच जण सुचवतील, पण तोही मोबदलाच धरला जाऊ शकतो. वकिलाला विचारल्याशिवाय त्यात पडू नका.

आकडेमोड

मी टॅक्सचं काम करते म्हणून दोन-तीन गोष्टी पटकन सांगते, कारण यात लोक फसतात.

समर कॅम्प: मूल १३ च्या आतलं असेल आणि डे कॅम्प असेल तर स्केटिंगचा कॅम्पसुद्धा डिपेंडंट केअर एफएसएमधे (मुलं सांभाळण्याच्या खर्चासाठी नोकरीतून करमुक्त पैसे बाजूला ठेवायचं खातं) चालतो, एकाच खेळाचा असला तरी. रात्री राहायचा कॅम्प चालत नाही, आणि लेसन तर नाहीच. पण नवरा-बायको दोघंही कमावते (किंवा नोकरी शोधत असलेले) हवेत, म्हणजे तुमचं ईएडी येऊन तुम्ही कामाला लागाल तेव्हा याचा विचार करा.

गोफंडमी (लोकांकडून ऑनलाइन पैसे जमवायची साइट): नातेवाईक, मित्र पैसे देतात ती भेट असते. देणाऱ्याला त्यावर करसवलत मिळत नाही. तसं सांगून पैसे मागू नका.

बूस्टर क्लब: हे नीट वाचा. पालकांचा क्लब काढतात, करमाफी घेतात, मग ज्याने जितकी चॉकलेटं नाहीतर कूपनं विकली तितकी त्याच्या मुलाची फी कमी. दिसायला न्यायाचं वाटतं पण आयआरएसला (अमेरिकेचं कर खातं) ते मान्य नाही. व्हर्जिनियातल्या एका जिम्नॅस्टिक्स बूस्टर क्लबची करमाफी याच कारणावरून गेली, २०१३ मधे टॅक्स कोर्टाने क्लबच्या विरोधात निकाल दिला. जमवलेला पैसा सगळ्या मुलांसाठी वापरायचा, विकणाऱ्याच्या पोरापुरता नाही. तुमच्या रिंकवर असा क्लब असेल तर नियम विचारून मगच सह्या करा.

कॅलगरीचा_बाबा

आमच्याकडे कॅनडात जरा वेगळं आहे. इथे स्केटिंग बहुतेक क्लबातून चालतं, क्लब म्हणजे पालकांनीच चालवलेली संस्था, नफा नाही, सिटीच्या अरीनाकडून तासावर बर्फ भाड्याने घ्यायचा आणि मुलांत वाटायचा. त्यामुळे पैसे कमी पडले की पालकांनी कामं करायची, बाटल्या गोळा करून डेपोत द्यायच्या, स्पर्धेला चहा-कॉफीचं टेबल लावायचं.

आणि आल्बर्टात सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे कसिनो. इथला कायदा असा आहे की धर्मादाय संस्थांना आळीपाळीने दोन दिवस कसिनोत आपले स्वयंसेवक पाठवायचे आणि त्या बदल्यात कसिनोच्या पैशातला वाटा संस्थेला मिळतो. आमच्या क्लबाचा नंबर दीड-दोन वर्षांनी एकदा लागतो. पहिल्यांदा मला काउंट रूम मिळाली. रात्री कसिनो शांत झाल्यावर आमचं काम सुरू. बिनखिडक्यांची खोली, डोक्यावर कॅमेरे, टेबलांवरचे लोखंडी डबे एकेक करून आत येणार, कुलूप उघडून सगळ्या नोटा टेबलावर ओतायच्या, सरळ करायच्या, वीसच्या वीसमधे, पन्नासच्या पन्नासमधे, मग मशीनमधे. कुणी बोलत नाही. माझ्या शेजारी एक फिलिपिनो आजी होती, नातीसाठी आलेली, तिचा हात इतका सफाईने चालत होता की मी बघतच राहिलो. पहाटे तीन वाजता बाहेर आलो तर उणे बावीस, गाडी सुरू होईना. सकाळी सहाला लेकीला सोडायचं होतंच रिंकवर, म्हणून झोपलोच नाही.

माझ्या आईला साताऱ्याला फोनवर सांगितलं तर ती एकदम गप्प झाली, जुगाराच्या अड्ड्यावर? मग तिला समजावलं की पैसा आपल्या घरात येत नाही, क्लबाच्या खात्यात जातो आणि बर्फाच्या भाड्याला लागतो, सगळ्या पोरांसाठी. तेव्हा म्हणाली मग वारीत पाणी वाटायला जातात तसं म्हण की. तिने असं म्हटल्यावर मला बरं वाटलं.

उत्पन्न कमी असेल तर इथे किडस्पोर्ट आणि जंपस्टार्ट आहेत, रजिस्ट्रेशनला मदत करतात. अर्ज करायला लाजू नका, आम्ही पहिल्या वर्षी घेतली होती मदत. मुलांच्या खेळाच्या फीवर केंद्राची करसवलत होती ती मात्र २०१७ पासून बंद झाली.

ब्लेडधारी

मी दुसऱ्या बाजूने लिहिते, म्हणजे मुलगी म्हणून. मी शिकागोजवळ वाढले, आता २७ वर्षांची आहे. आठव्या वर्षी सुरू केलं, अठराव्या वर्षी थांबले, नोव्हिसच्या (स्पर्धेची मधली पातळी) वर कधी गेले नाही.

जर्सीताई, तुमच्या लेकीला माहितीये. तिने विचारलं म्हणजे तिला माहितीच आहे. मला माझ्या दहाव्या वर्षी माहिती होतं. आई-बाबा स्वयंपाकघरात हळू आवाजात बोलायचे आणि मी जिन्यावर बसून ऐकायचे. मला हो परवडतं असंच सांगायचे. त्याने काय झालं माहितीये, लेसनमधे पडले की दुखण्याच्या आधी मला पैसे आठवायचे. आज ॲक्सल एकदाही बसला नाही म्हणजे चाळीस डॉलर वाया गेले, असं मी गाडीत मागच्या सीटवर बसून मोजायचे. त्या वर्षी मी सगळ्यात वाईट स्केट केलं.

बाराव्या वर्षी आईने वही माझ्यासमोर ठेवली. म्हणाली हे वर्षाचे पैसे आहेत, यातले एवढे लेसन आणि बर्फाचे, हे उरले. यात नवीन ड्रेस, किंवा कोरिओग्राफर, किंवा इंडियानाची स्पर्धा, तू सांग. मी कोरिओग्राफर निवडली, आणि ड्रेस घरी शिवायचं ठरलं. आईने लायक्रा आणला, दोनदा उसवला, तिसऱ्यांदा बसला. खडे लावायचं काम बाबांनी घेतलं. ई६००० नावाचा गोंद असतो त्याला भयंकर वास येतो, म्हणून जानेवारीत खिडकी उघडी टाकून, अंगात जॅकेट, नाकावर चष्मा, मेणाच्या पेन्सिलीने एकेक खडा उचलून टूथपिकने लावलेल्या थेंबावर ठेवायचे. रोज रात्री ऑफिसनंतर चाळीस-पन्नास. नऊशे वीस खडे होते, बाबांनी मोजलेले. एक जरी पडला तरी बर्फावर दुसऱ्या कुणाच्या ब्लेडखाली येतो म्हणून दुसऱ्या दिवशी नखाने प्रत्येक खडा हलवून बघायचे. तो ड्रेस अजून माझ्या कपाटात आहे.

वही दाखवल्यानंतर पैशाची भीती गेली असं नाही म्हणणार, पण ती आमच्या तिघांची झाली. माझ्या एकटीची राहिली नाही.

मी स्वतः काय केलं: पंधराव्या वर्षापासून रिंकच्या भाड्याच्या काउंटरवर उभी राहिले (मी इथेच जन्मलेले, त्यामुळे कामाची अडचण नव्हती). ओले बूट परत घ्यायचे, आत जंतुनाशक फवारायचं, तुटलेल्या लेस बदलायच्या, आणि शनिवारी दुपारी वाढदिवसांच्या पार्ट्या आल्या की पाठ मोडायची. पगार कमी पण पब्लिक सेशन फुकट. मग स्नोप्लाऊ सॅमची (सगळ्यात लहान मुलांचा वर्ग) चिल्लीपिल्ली शिकवली, चार वर्षांची मुलं, निम्मा वेळ त्यांना उभं करण्यात जातो. कॉलेज झाल्यावर एका क्रूझ जहाजावर बर्फाच्या शोमधे सात महिने काम केलं. काही जहाजांवर खरी रिंक असते, रॉयल कॅरिबियनने १९९९ मधे पहिली केली. राहणं-खाणं त्यांचं, त्यामुळे पगार बाजूला पडतो. स्केटिंगमधून सरळ कमाई मी तेवढीच केली. टीव्हीवर ज्यांना बघतो त्यांना बक्षिसं मिळतात, पण ती वर पोचल्यावर, आणि वर जाईपर्यंत सगळं घरचंच असतं.

ग्रँटबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. यू.एस. फिगर स्केटिंगचा मेमोरियल फंड आहे. १५ फेब्रुवारी १९६१ ला प्रागच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपला निघालेली अख्खी अमेरिकन टीम ब्रसेल्सजवळ विमान पडून गेली, १८ स्केटर, शिवाय कोच, घरचे लोक. त्यांच्या नावाने त्याच वर्षी हा फंड काढला, गरज आणि कामगिरी दोन्ही बघून देतात. मायकल वाइस, तीन वेळचा अमेरिकन चॅम्पियन, त्याचंही फाउंडेशन आहे. नेथन चेनला लहानपणी त्यांचीच मदत होती, तो पाच भावंडांतला धाकटा, बहिणीचे पांढरे बूट घालून सुरुवात केलेली आणि २०२२ ला ऑलिंपिक गोल्ड. न्यूयॉर्कमधे फिगर स्केटिंग इन हार्लेम १९९७ पासून मुलींना स्केटिंगबरोबर अभ्यासही घेऊन शिकवतं. पण दहा वर्षांच्या, ॲक्सल नुकता आलेल्या मुलीला मोठ्या ग्रँट मिळत नाहीत, त्या स्पर्धेत निकाल दिसायला लागल्यावर. आत्ता बघायचं असेल तर आपल्या क्लबाची छोटी मदत बघा, माझ्या क्लबाने एकदा टेस्टची फी भरली होती, मागितल्यावर. आम्हाला अशी सोय असते हेच तीन वर्षं माहिती नव्हतं.

आणि एक मनापासून सांगते. मिशेल क्वान या प्रसिद्ध अमेरिकन स्केटरच्या आई-वडिलांनी घर विकलं ही गोष्ट प्रत्येक रिंकवर पालक एकमेकांना सांगतात. खरी आहे ती, वडील दोन दोन नोकऱ्या करायचे, ती वापरलेले बूट घालायची. पण तिला क्लबच्या एका सभासदाने मदत केली आणि मग कॅलिफोर्नियातल्या लेक ॲरोहेड या गावच्या ट्रेनिंग सेंटरची स्कॉलरशिप मिळाली, हा भाग कुणी सांगत नाही. त्या कुटुंबालासुद्धा एकट्याने झेपलं नव्हतं. घर विकणं म्हणजे प्रेम, असं मनात धरून माझ्या ओळखीच्या एका घराने दुसरं कर्ज काढलं, आणि मुलीने पंधराव्या वर्षी घोटा मोडल्यावर बूट उतरवले ते उतरवलेच. ती आजही आई-वडिलांच्या डोळ्याला डोळा भिडवून त्या विषयावर बोलू शकत नाही.

स्वस्त वाटा पण आहेत. सोलो आइस डान्स करा, उड्या नाहीत म्हणून बूट जास्त टिकतात. जोडीच्या डान्सचं मात्र नीट विचारून घ्या, मुलगे इतके कमी आहेत की बऱ्याचदा मुलीच्या घरचेच पार्टनरचाही खर्च उचलतात. सिंक्रोमधे बर्फ आणि कोच सोळा जणींत वाटला जातो, पण प्रवास वाढतो.

सिंहगड_रोड

हे सगळं वाचून डोळे भरून आले. आमच्याकडे पुण्यात मुलगा रोलरवर आर्टिस्टिक करतो, सकाळी साडेपाचला सिमेंटच्या रिंकवर. बर्फावर जायचं त्याचं स्वप्न आहे. आमच्या लहानपणी एस्सेलवर्ल्डला छोटी रिंक होती, बोटीने जायचो, आता तेही बंद. आता बर्फ म्हणजे गुरुग्रामच्या मॉलमधली आयस्केट, नाहीतर डेहराडूनची मोठी रिंक जी २०११ च्या साउथ एशियन विंटर गेम्ससाठी बांधली, मग वर्षानुवर्षं बंद पडून राहिली आणि २०२५ ला परत सुरू झाली. सिमल्याला उघड्यावरची जुनी रिंक आहे पण ती थंडीतले थोडे आठवडे. आम्ही दिवाळीत आणि मे महिन्यात दिल्लीला जातो, बर्फापेक्षा विमान आणि राहण्याचे पैसे जास्त होतात. माझ्या दोन बांगड्या त्यात गेल्या, मुलाला सांगितलेलं नाही. तारा प्रसाद भारताकडून खेळते, हार्बिनच्या एशियन विंटर गेम्समधे २०२५ ला आठवी आली, पण तीही तयार झाली अमेरिकेत. इथल्या पोरांना रोज बर्फच मिळत नाही तर काय करणार.

ब्लेडधारी, तुझी वहीची गोष्ट वाचून वाटतंय की मीही त्याला बांगड्यांचं सांगावं का. तो १३ चा आहे.

ब्लेडधारी

काकू, सांगा. पण बांगड्यांचं एकटं नका सांगू, पूर्ण वर्षाचा हिशोब त्याच्यासमोर ठेवा आणि त्यात तेही एका ओळीत असू दे. नुसत्या बांगड्या सांगितल्या तर ओझं होईल.

जर्सीची_आई

सगळ्यांचे खूप खूप आभार, एवढं मनापासून लिहाल असं वाटलं नव्हतं. आठ दिवसांनी येतेय कारण तेवढ्यात बरंच झालं.

नवऱ्याला एनसीएएचं वाचून दाखवलं. पाच मिनिटं काही बोलला नाही, मग म्हणाला बरं, मग परत मिळणार नाहीत असं धरून बसू. दोघांनी बसून बघितलं, सहा महिन्यांचा खर्च बाजूला नाहीये, चारचा आहे. म्हणून काका, तुमचं ऐकून आधी ते ठरवलं, या वर्षी स्पर्धा नाही, तेवढे पैसे तिकडे. फक्त टेस्ट.

मग कोचकडे गेले. हातात वही घेऊनच गेले, मीनलताई तुमचं वाक्य पाठ करून. ती अजिबात रागावली नाही, तिनेच पेन घेतलं. वीस मिनिटांचे दोन लेसन, प्रत्येकी ३०. एक अर्धा तास दुसऱ्या एका मुलीबरोबर वाटून, साडेबावीस. बर्फ पाचऐवजी तीन दिवस, ४८. आठवड्याला साधारण १३०, महिन्याला पावणेसहाशेच्या आत. अजूनही जड आहे पण झेपेल, आणि रविवारी पब्लिक सेशनला आम्ही सगळेच जाणार, धाकटापण. त्या दुसऱ्या मुलीची आई मला नंतर पार्किंगमधे भेटली आणि म्हणाली, मी सहा महिने कोचला हेच विचारायला घाबरत होते.

लेकीला वही दाखवली. माझी छाती धडधडत होती. तिने बोट ठेवून एकेक ओळ वाचली, मग म्हणाली, बाबांचे पैसे आणि आजोबांच्या औषधाचे पैसे वेगळे आहेत ना? म्हटलं हो, वेगळे आहेत, त्याला कुणी हात लावत नाही. मग म्हणाली मला नवीन ड्रेस नको, पण बूट हवेत कारण टाचेला लागतं. दोन महिने लागत होतं तिला. बोलली नव्हती.

तर शनिवारी बूट मोजायला जातोय. मीनलताई, तुमच्या धारवाल्यासारखा इकडचा कुणी माहिती असेल तर व्यनि (खाजगी निरोप) करा. आणि मोजायला जाताना जाडे मोजे न्यायचे की पातळ?

मिशिगनकर_मीनल

पातळ. ती जे घालून रोज स्केट करते तेच न्या, जाडे घालून मोजले तर बूट मोठा येईल आणि टाच आत उचलली जाईल. संध्याकाळी जा, दिवसभरात पाय थोडा सुजतो. दोन्ही पाय मोजायला सांगा, लेकीला बूट घालून वीस मिनिटं दुकानातच उभी राहू दे आणि टाचेला कुठे लागतं ते बोटाने दाखवायला सांगा. व्यनि केलाय.